पराते सर आणि तहानलेला कागद

आमच्या पराते सरांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते आधी तिचा कोपरा फाडायचे. तो तुकडा जिभेच्या टोकाला लावून एका बाजूने ओला करायचे, तळहातावर ठेवायचे आणि डोळे बारीक करून वाट पाहायचे. थोड्या वेळात तुकडा हळूच वळायला लागायचा. तो कुठून कुठे वळतो हे पाहून सर निकाल द्यायचे, "आडवा कापला पोट्ट्यानं." मग चष्मा पुसून विचारायचे, "हं. कोनाचं लग्न आहे?"

पत्रिकेवर गणपती असतो, कुलदैवत असतं. नेमका तोच कोपरा सरांच्या जिभेवर गेला की देणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. म्हणून कारखान्यातले जुने लोक दोन पत्रिका घेऊन यायचे. एक आमंत्रणाची, एक फाडायची. माझ्या भावाच्या लग्नात माझ्या आईनं तर छापखानेवाल्याकडून त्याच कागदाचा कोरा तुकडा मागून आणला आणि पत्रिकेसोबत टाचणीनं लावून दिला. सर इतके खूश झाले की लग्नाला आले आणि आईला शोधून काढून म्हणाले, "तुमाले कागदातलं समजते." आई तळ्यावरून येणारी मासोळी विकायची. तिला कागदातलं काहीही समजत नव्हतं. पण ही शाबासकी ती अजून सांगत असते.

भंडाऱ्याबाहेर नदीच्या अंगाला आमचा कागदाचा कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेचे सर प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली लागले होते. आमचं काम दिसायला सोपं. कागद हवेतलं पाणी पितो आणि पसरतो, सुकला की आक्रसतो. पसरतो म्हणजे किती, तर केसभर. पण त्या केसभरानं छापलेली रेघ रेघेवर बसत नाही, पेटीचं झाकण लागत नाही, गठ्ठ्याच्या कडा पापडासारख्या लाटा मारतात. कागद ज्या मापाचा निघाला त्याच मापाचा राहावा, एवढंच आम्हाला पाहायचं असतं. सर त्याला एका वाक्यात बसवायचे, "कागदाले तहान लागते. ती किती, ते आपन पाहाचं."

नमस्कार, राम राम, गुड मॉर्निंग, यातलं काही ते कधी म्हणाले नाहीत. समोर कोणीही आलं की विचारायचे, "काय म्हनते हवा?" नवीन माणूस गडबडून राजकारणावर बोलायला लागायचा.

प्रयोगशाळेच्या आत एक खोली होती. तिच्यातली हवा वर्षभर सारखी ठेवलेली असायची, ना जास्त ओली ना जास्त कोरडी. तिला दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. त्या खोलीत चहा नाही, हसणं नाही, लांब उसासा तर अजिबात नाही. एका पावसाळ्यात आमचे मोठे साहेब, म्हणजे जनरल मॅनेजर, ओल्या रेनकोटसकट आले. सरांनी त्यांना दोन दारांच्या मधल्या बोळात थांबवलं.

"पराते, मी आहे," साहेब आतल्या काचेवर टकटक करून म्हणाले.

"दिसून राहिलं, साहेब," सर आतून म्हणाले. "पन तुमी ओले आहा. जरा वाळा."

आणि साहेब वाळले. म्हणजे त्या बोळात उभे राहून त्यांनी मोबाईलवर दोन-तीन कामं उरकली, रेनकोट बाहेर पाठवला आणि मग आत आले. सरांनी त्यांच्या बाहीला हात लावून पाहिलं आणि मगच खुर्ची पुढे केली.

भंडाऱ्याच्या बाजारात एकदा ते पितळेचा लोटा घ्यायला गेले होते. दुकानदारानं लोटा कागदात गुंडाळून दिला. सरांनी कागद सोडवला, बोटांमध्ये चोळला, कानाशी नेऊन फडफडवला, "हा कुठून आनला?" म्हणून चौकशी केली आणि कागद घडी घालून घरी आले. लोटा दुकानातच राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा माणूस तो कारखान्याच्या गेटवर देऊन गेला.

माझा पहिला दिवस मला चांगला आठवतो. मी अड्याळकडची. नोकरीचा पहिला दिवस म्हणून डोक्यावरून अंघोळ करून, तेल लावून, पहिल्या एसटीनं आले होते. सरांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या वेणीकडे, पाहिलं.

"केस ओले आहेत."

"हो सर."

"वाळवून या."

मी बाहेर उन्हात बसले आणि मला रडू यायला लागलं. आमच्याकडे मासे पकडणाऱ्या घरातली कोणी मुलगी एवढं शिकून अशा नोकरीला लागली नव्हती. आणि लागली तर पहिल्या दिवशी केसांवरून बाहेर. थोड्या वेळानं सर स्वतः बाहेर आले. हातात माचिसची पेटी आणि पाण्याची बशी. माझ्या शेजारी पायरीवर बसले. काड्या एकीला एक चिकटवून बशीत पंगत मांडली, पंगतीच्या दोन्ही बाजूंना एकेक खडा टेकवला आणि म्हणाले, "केस वाळेतोवर हे पाहा."

आम्ही दोघं पाहत बसलो. ऊन चढलं. काड्या पाणी प्यायल्या आणि बाजूचा खडा थोडा सरकला.

"काडी लांब झाली का?"

"नाही सर."

"पंगत रुंद झाली. कागदातला तंतू असाच आहे. पानी पिला का लांब नाही होत, जाडा होते. म्हनून कागद एका बाजूनं फुगते, दुसऱ्या बाजूनं चूप राहते. ती बाजू ज्याले वळखता आली त्याले कागद समजला." मग उठता उठता म्हणाले, "पोट भरलं का मानूसही तसाच. उंच कोनी होत नाही."

त्या पायरीवर मी जे शिकले ते मला कॉलेजात कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पुस्तकात त्या दोन दिशांची नावं इंग्रजीत आहेत. सर त्यांना ताना आणि बाना म्हणायचे, मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांसारखं. आमची सगळी प्रयोगशाळा तेच म्हणायला लागली. ते कोष्टी घरातले, आंधळगावचे, हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्यापलीकडे त्यांच्या घराबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी ते आंधळगावची गाडी पकडायचे आणि रोज सकाळी येऊन हवेचं विचारायचे, एवढंच.

मी अजून कायम झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. नागपूरच्या एका छापखान्याला शाळेच्या नकाशांच्या पुस्तकासाठी आमचा कागद गेला होता. रंगीत छपाईचं एवढं मोठं काम कारखान्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. भर पावसाळ्यात छापखान्याच्या मालकांचा फोन आला. मोठ्या साहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"तुमच्या कागदानं वैनगंगा पात्राबाहेर काढली, साहेब," पलीकडून आवाज आला. "भंडाऱ्याचा हिरवा रंग गोंदियात घुसला. लेकरं काय शिकतील?"

नंतर नमुने आले. खरंच, नदीची निळी रेघ तिच्या काठांना सोडून बाजूला पडली होती. त्यांचं यंत्र एका वेळी दोनच रंग छापायचं. आज दोन, उद्या दोन. एका रात्रीत कागद वाढला होता.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. माल तपासल्याच्या कागदावर सही माझी होती.

"नवीन मुलगी आहे," साहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले. "कायम करायचं की नाही, याचा विचार करावा लागेल."

माझे आकडे बरोबर होते, कागदातली ओल मर्यादेत होती, अगदी खालच्या काठावर पण मर्यादेत, एवढंच मला माहीत होतं. सर खुर्चीत सरळ झाले.

"सही तिची आहे, साहेब. पन खोली माझी आहे," ते म्हणाले. "आमी दोघं उद्या जाऊन पाहून येतो. मंग विचार करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरच्या एसटीत बसलो. सरांच्या मांडीवर हवेतली ओल मोजायचं घड्याळासारखं यंत्र होतं, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. धक्का बसला की ते त्याला दोन्ही हातांनी सांभाळायचे. कंडक्टर आला, वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "निजलं का?"

"निजत नाही ते," सर म्हणाले. "खिडकी लावा जरा."

"साहेब, गरमी होऊन राहिली. लोकं मारतील मले."

सरांनी टॉवेल अजून आवळला. मी खिडकीबाहेर पाहून हसू दाबत होते. पण नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हेही डोक्यात फिरत होतं. सरांना ते दिसलं असावं. एरवी प्रवासात एक शब्द न बोलणारे ते एकदम सांगायला लागले.

"आमच्या बाबूजीचा माग होता. लुगड्याचा काठ उठवाले भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागतात. सुईले भोक भेटलं तं धागा वर, नाही भेटलं तं खाली. पान्याचे दिवस आले का पट्ट्या फुगत. भोकं सरकत. मोराचा काठ काढाले बसाचे, अन् मोराले मानच नाही. बाबूजी पट्ट्याईले शिव्या देत. मी लहान होतो. मले वाटे, पट्टीचा काय दोष? ती तं तहानली होती."

"म्हणून तुम्ही कागदात आलात, सर?"

"कोनीतरी तिची बाजू घ्याले पाहिजे होती," ते म्हणाले.

छापखान्याचे मालक सज्जन होते. आम्हाला बसवलं, चहा मागवला, आणि कागद कुठे ठेवला आहे ते दाखवायला घेऊन गेले. आत गेल्यावर सर जागच्या जागी थांबले. कागदाचे गठ्ठे सोडून, उघडे करून, छान रचून ठेवलेले. आणि त्यांच्यासमोर एक मोठा कूलर, भिजलेल्या जाळ्यांमधून त्यांच्यावर गार हवा सोडत होता.

"कागदाले गरम होऊ नये म्हनून मुद्दाम त्याच्याकडे तोंड केलं," मालक म्हणाले. "आमी घामात काम करतो, पन कागदाले त्रास नाही."

सरांनी कूलरकडे असं पाहिलं, जसं तापाच्या पोराला कोणी आईस्क्रीम भरवताना पाहावं. टॉवेल सोडून यंत्र गठ्ठ्यावर ठेवलं. काटा चढत गेला. मालक पाहत होते. सरांनी त्यांना समजावलं, अगदी मलाच शिकवत होते तसं, माचिसच्या काड्यांसकट. मालकांनी स्वतः जाऊन कूलर बंद केला.

"म्हनजे चूक आमचीच," ते म्हणाले. "मी तुमच्या साहेबाले फोन करतो."

मला वाटलं, सुटलो. आता चहा घ्यावा आणि परतीची गाडी पकडावी. पण सर म्हणाले, "एक बंद गठ्ठा आहे का?"

न उघडलेला गठ्ठा आणला गेला. सरांनी तो फोडला, पानांच्या मधे यंत्राची पातळ पट्टी सरकवली आणि काट्याकडे पाहत राहिले. मग त्याच गठ्ठ्यावर बसले. मी वाकून काटा पाहिला आणि मला कळलं. कागद कोरडा होता. आमच्या आकड्यांच्या मर्यादेत होता, पण पावसाळ्यात नागपूरला पाठवायला फारच कोरडा. मशीनवरचे लोक माल ओला म्हणून परत येऊ नये यासाठी जास्त सुकवत होते, आणि सरांनी माझा आकडा पाहून, काठावरचा आहे हे पाहूनही, गाडी सोडली होती.

मालकांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतला होता. मी सरांकडे पाहिलं. मनात म्हटलं, सर, आता काही बोलू नका.

"अर्धी," सर म्हणाले.

"काय?"

"चूक. अर्धी तुमची, अर्धी माझी. मी हा तहानलेला पाठवला. तुमी त्याले पानी दाखवलं. दोघायनं मिळून केलं."

मालकांनी फोन खाली ठेवला. मग ते हसले, सरांचा हात धरला आणि नवीन चहा मागवला. त्यानंतर दुपारभर सरांनी त्यांच्या माणसांना शिकवलं. कागद आणला की न सोडता एक दिवस त्याच खोलीत राहू द्यायचा, सोडला तर प्लॅस्टिक झाकायचं, कूलर माणसांकडे वळवायचा. आम्ही इकडे मशीनवर ओल थोडी वाढवून नवीन माल पाठवला. पुस्तकं छापून झाली. वैनगंगा आपल्या पात्रात परतली आणि काम आमच्याकडेच राहिलं.

पण साहेबांना ते अर्धं खटकलं. त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं.

"पराते, ते लोक पूर्ण मान्य करत होते. तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"तोच कागद उद्या दुसऱ्याकडं जाईन, साहेब," सर म्हणाले. "तिथं कूलर नसन. मंग कोनाचं नाव सांगू? या मुलीनं बरोबर मोजलं. सोडलं मी. तिले कायम करा, तिच्याइतकं नीट मोजनारं कोनी नाही इथं."

मला कायम केलं. सरांच्या निवृत्तीनंतर त्यांना आणखी काही काळ ठेवून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, सगळ्या कारखान्याला ते माहीत होतं. त्या दिवसानंतर त्याबद्दल कोणी बोललं नाही. दिवाळीनंतर शाल-श्रीफळ झालं. सरांनी नारळ बाजूला ठेवून शालीच्या खोक्याचा पुठ्ठा दाबून पाहिला, मान हलवली आणि आंधळगावची गाडी पकडली.

मला त्यांचे आभार मानायचे होते. प्रयोगशाळेत ते कधी जमलं नाही, तोंड उघडलं की ते म्हणायचे, "आत वाफ सोडू नका." म्हणून एका रविवारी बाबांनी तळ्यातून आणलेली ताजी मासोळी पिशवीत घेऊन मी आंधळगावला गेले. परात्यांचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. गल्लीत मागाचा आवाज एकाच घरातून येत होता.

मागावर सरांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. ठेंगण्या, बारीक, नाकावर चष्मा. आणि ज्यांच्यासाठी मोठे साहेब दोन दारांमधे वाळत उभे राहिले, ते आमचे पराते सर मागाच्या पलीकडे मांडी घालून तुटलेले धागे जोडत होते.

"पाहून धरा ना," काकू म्हणत होत्या. "तो नाही, त्याच्या बाजूचा. नजर कुठं आहे तुमची?"

"धरून राहिलो ना व," सर म्हणाले. मग मला पाहिलं आणि थोडे ओशाळले. "या, कुंदाबाई. आता इथं लागलो मी. इथं कायम व्हाले वेळ लागन असं दिसते."

मी हसले. त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायची माझी ती पहिलीच वेळ. काकूंनी पिशवी उघडून मासोळी पाहिली, खूश झाल्या आणि सरांना म्हणाल्या, "घरात सांभार नाही. जाऊन आना."

सर चपला घालून कोथिंबीर आणायला निघाले. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले तशा काकू हातातला धोटा खाली ठेवून माझ्याकडे वळल्या.

"तुलेच ते कुंदा म्हनतात का?"

"हो काकू."

"मले सांगतलं त्याईनं, का साहेब थांबा म्हनत होते, मीच नाही म्हनलो. म्हने, एवढी वर्सं कागदासंगं बसलो, आता तुयासंगं बसतो." त्या पदरानं चष्मा पुसू लागल्या. "आमच्या गल्लीतले दोन जन तुमच्याच कारखान्यात आहेत. मले मालूम आहे, त्याईले कोनी थांबा म्हनलं नाही. पन त्याईले वाटते, मले मालूम नाही. राहू दे. तसंच राहू दे."

मी मान डोलावली.

"मले एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "तिथं त्याईच्या हातून काही वाईट झालं होतं का? ते तं सांगत नाहीत. घरी येऊन जेवत, अन् भिंतीकडं पाहत बसत. मी विचारू नाही शकली."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. उन्हातल्या पायरीपासून सुरुवात केली, माचिसच्या काड्या, एसटीतलं ते न निजणारं बाळ, कूलर, बंद गठ्ठा, आणि ते एक शब्दाचं उत्तर. मालक स्वतः सगळी चूक पदरात घेत होते आणि सर गप्प बसले असते तर आज ते तिथंच खुर्चीवर असते, हेही सांगितलं. माझं घर त्या नोकरीवर उभं आहे, भावाचं लग्न त्यातूनच झालं, आणि आता प्रयोगशाळेत नवीन कोणी आलं की मी त्याला सरांच्याच शब्दांत शिकवते, तेही सांगून टाकलं. जे आभार मी सरांपुढे कधी मानू शकले नव्हते ते सगळे काकूंपुढे मानून झाले.

एसटीच्या गोष्टीला काकू हसल्या, पदर तोंडाला लावून.

सर परतले. सांभाराची जुडी हातात, चढणीनं धाप लागलेली.

"बसा," काकू म्हणाल्या. "दमले असान."

सरांनी मागाच्या पलीकडची आपली जागा धरली.

"तिथं नाही. इकडं बसा."

सर गोंधळले. माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"काय बोलून राहिल्या होत्या दोघी?"

"काही नाही. पोरगी तुमच्या कागदाचं सांगत होती."

"मंग तुले कंटाळा आला असन."

"नाही आला," काकू म्हणाल्या आणि पाटावर सरकून त्यांना जागा केली.

सर बसले. मी सांभार आणि मासोळी घेऊन आत चुलीकडे गेले.